‘येते’ म्हणावं

१

दुपारी साडेतीनच्या आत सुनीतीची तीन कामं उरकलेली असत. ओटा पुसून झालेला असे, देवापुढची समई सारखी केलेली असे, आणि फोन चार्जिंगवरून काढून पदराने पुसलेला असे.

“फोन कशाला पुसतेस?” जयप्रकाशराव विचारत.

“लेक येते ना त्यातून,” ती म्हणे.

यावर ते रिमोट उचलत. टीव्हीचा आवाज बंद करत. चित्र चालू ठेवून, मुक्या टीव्हीसमोर ते तासभर बसून राहत. दोन वर्षं ते लेकीशी बोलले नव्हते, पण साडेतीनला हॉल सोडून कुठे गेलेही नव्हते.

लेक म्हणजे गीतांजली. घरातली गीतू. नर्सिंग करताकरता तिला येशू भेटला आणि एके दिवशी तिने बाप्तिस्मा घेतला. सीवूड्सच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तेव्हा आठ दिवस कुणी धड जेवलं नाही. मग ती एका ख्रिस्ती संस्थेच्या जहाजावर स्वयंसेविका म्हणून निघाली. जहाज या बंदरातून त्या बंदरात जाई. खालच्या मजल्यावर पुस्तकांचं भलंमोठं दुकान, वर दातांचा नि डोळ्यांचा दवाखाना. पगार नाही. सहाला उठायचं, सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची, मग ज्याच्या वाट्याला जे येईल ते काम. कधी दोनशे माणसांचे बटाटे सोलायचे, कधी परगावच्या तुरुंगात जाऊन कैद्यांच्या जखमा पुसायच्या.

“आई, आमची खोली म्हणजे आपलं बाथरूम. त्यात चौघींचे बंक,” ती सांगे. “आणि इंजिनाची घरघर चोवीस तास. आता ऐकूच येत नाही. ती थांबली की उलट सगळे दचकून जागे होतात.”

एकदा म्हणाली, “जहाज हलतं ना, म्हणून पेल्याखाली ओलं फडकं घालतो आम्ही. मग पेला सरकत नाही. मला तर सवयच लागलीय.”

जाताना ती आपल्या खोलीत एक छोटा लाकडी क्रूस ठेवून गेली होती. देव पुसताना सुनीती तोही पुसे. बरेच दिवस मनात घोळवून शेवटी तिने विचारलंच होतं, “फूल वाहिलेलं चालतं का गं त्याला?”

 “चालतं, आई,” पलीकडून गीतू म्हणाली होती.

तेव्हापासून महादेवाला कण्हेरीचं आणि क्रूसाला तगरीचं, अशी वाटणी ठरून गेली.

सुनीतीला व्रतांची आवड. दर चातुर्मासात काही ना काही धरलेलं असायचंच. यंदा तिने धरलं होतं ते असं: दारी येईल त्याला ‘ये, बस’ म्हणायचं, गूळपाणी द्यायचं, कुणालाही विन्मुख पाठवायचं नाही. कार्तिकी एकादशीपर्यंत. गीतू सुखरूप घरी येऊ दे, एवढंच मागणं. त्यामुळे गॅसवाला, कुरियरवाला, झुरळांचं औषध मारणारा, मतं मागणारे, सगळे पाटणकरांच्या दारात गूळपाणी पिऊन जात.

“उद्या चोर आला तरी पेला भरशील तू,” जयप्रकाशराव म्हणत.

“भरीन की. ज्या घरचं पाणी प्यायलं तिथे चोराचाही हात कचरतो.”

फोन रोजच्या रोज एकाच तऱ्हेने संपे. आपल्याकडे निघताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं. गीतूने देव बदलला पण ही सवय सोडली नाही.

“येते हं, आई.”

“ये.”

एवढं झालं की सुनीतीचा तो दिवस सार्थकी लागे.

२

गणपती गेल्यानंतरची गोष्ट. जहाज तेव्हा आफ्रिकेच्या किनाऱ्याला होतं. नेट कमजोर, म्हणून चित्र दिसत नसे, आवाजावर भागवायचं. गीतू “येते हं” म्हणाली, सुनीती “ये” म्हणाली, आणि फोन कट व्हायच्या आत पुन्हा एकदा हलकेच ऐकू आलं, “येते.”

प्रतिध्वनी असेल, सुनीतीने मनाशी म्हटलं. फोनमध्ये होतं असं.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग तिची बुद्धी जरा चाळवली. प्रतिध्वनी असेल तर तो सगळ्याच बोलण्याचा यायला हवा. बटाट्यांचा नाही, प्रार्थनेचा नाही, नेमका एवढ्या एका शब्दाचाच का? आणि आवाज गीतूचा नव्हता. शब्द नवाच शिकलेल्या माणसाचा होता. ‘ये’ नीट, ‘ते’ जरा अंदाजाने.

“तुझ्या खोलीत आत्ता कोण आहे गं?”

“कुणीच नाही. सूजी जेवायला गेलीय.” सूजी ही कोरियाची मुलगी, गीतूच्या वरच्या बंकवर झोपायची. “का गं?”

“काही नाही. कुणी मराठी शिकतंय का तुमच्यात?”

“हो, आता तेच राहिलंय!” गीतू हसली. “ते जाऊ दे, गंमत ऐक. परवा आमचा सराव झाला. भोंगा वाजला की लाइफ जॅकेट घालून आपापल्या बोटीपाशी जाऊन उभं राहायचं. आमच्या बोटीची मोजणी माझ्याकडे असते. नावं बत्तीस, माझं धरून. आणि डोकी मोजली तर तेहेतीस!”

“चुकली असशील.”

“तीनदा मोजली, आई. प्रत्येक नावाला एकेक माणूस ‘हजर’ म्हणतंय, आणि तरी एक उरतंय. शेवटी कॅप्टन म्हणाले, कमी भरण्यापेक्षा जास्त भरलेलं बरं. सगळे हसले.”

सुनीतीही हसली. मग गीतू म्हणाली, “येते हं, आई.” सुनीती म्हणाली, “ये.” पाठोपाठ तो दुसरा आवाज, आज थोडा जवळून.

“येते.”

आणि सुनीतीने जे कुठल्याही घरातल्या कुठल्याही बाईने केलं असतं तेच केलं. कोण कुठली परमुलखातली पोर, आईबापांपासून लांब, कौतुकाने आपल्या भाषेतला एक शब्द शिकली, तिला उत्तर द्यायला नको?

“तू पण ये हो, बाळा,” ती म्हणाली.

पलीकडची घरघर थांबली. क्षणभरच. मग फोन कट झाला.

३

पुढच्या सरावाला मोजणी बरोबर भरली. बत्तीसला बत्तीस. गीतूने खुशीत सांगितलं. “येते” देखील त्या दिवशी एकदाच आलं. सुनीतीला बरं वाटायला हवं होतं. तिला मात्र उगीचच आठवत राहिलं की बाजारातून आणलेल्या पिशवीतलं काहीतरी कमी भरलं, की ते वाटेत कुठेतरी पडलेलं असतं.

घट बसले त्या आठवड्यात तिला घरघर ऐकू येऊ लागली. साडेतीनच्या सुमारास, फोन ठेवल्यावर. आधी वाटलं, सोसायटीचा पंप आहे. खाली जाऊन पाहिलं तर पंप बंद. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडी दिसे, खाडीपलीकडे बंदराच्या क्रेन दिसत. आवाज तिकडून असेल म्हणावं, तर खिडकी लावली की तो वाढे.

“तुम्हाला काही ऐकू येतंय?” तिने विचारलं.

“टीव्ही बंद आहे म्हणून तुला घर ऐकू येतंय,” जयप्रकाशराव म्हणाले. तुर्भ्याच्या कारखान्यात तीस वर्षं मशीनपाशी काढलेला माणूस. त्यांच्या कानावर तिने फार भिस्त ठेवली नाही.

दुसऱ्या माळेला बेल वाजली. सुनीतीने दार उघडलं. कुणीच नव्हतं. जिना रिकामा, लिफ्ट तळाशी. घरघर मात्र चौकटीत भरून राहिलेली.

खरं तर दार लावून घ्यायला हवं होतं. ती लावणारही होती. मग व्रत आठवलं. दारी येईल त्याला, असं म्हटलं होतं तिने. दिसेल त्याला, असं म्हटलं नव्हतं. देवाशी बोललेल्या शब्दांत पळवाट काढायची तिला लहानपणापासून सवय नव्हती. आणि मागणं गीतूचं होतं.

“ये, बस,” ती रिकाम्या जिन्याला म्हणाली. स्वतःचंच हसू आलं. तरी पेला भरून आतल्या टीपॉयवर ठेवला, दार लोटलं आणि पोळ्यांच्या कणकेकडे वळली.

तासाभराने हॉलमध्ये आली. पेला होता तिथेच होता, पाणी होतं तेवढंच होतं. फक्त पेल्याखाली चौघडी केलेलं एक फडकं होतं.

तिने हात लावून पाहिलं. ओलं होतं.

“अहो, हे तुम्ही ठेवलंत?”

“मी कशाला ठेवू? मला डुलकी लागली होती.”

आपणच ठेवलं असेल, सुनीतीने स्वतःला समजावलं. गीतूने सांगितलेलं डोक्यात असतं, हात आपोआप चालतात. फडकं पिळून दांडीवर टाकताना बोटांना मीठ लागलं. घामाचं असेल, तिने तेही समजावलं.

दिवाळे कोळीवाड्यातल्या रंगूबाई आठवड्यातून दोनदा यायच्या. सोसायटीत मासळी विकून झाली की रिकामी पाटी घेऊन पाटणकरांच्या उंबऱ्याशी टेकायच्या. चातुर्मासात या घरी मासळी नाही हे त्यांना ठाऊक होतं, त्या यायच्या गूळपाण्याला. उंबऱ्याच्या डाव्या अंगाला, भिंतीला पाठ लावून, ही त्यांची जागा ठरलेली. त्या दिवशी मात्र त्यांनी पाटी उजवीकडे ठेवली आणि अंग चोरून तिच्यामागे बसल्या. डावीकडे एक माणूस ऐसपैस बसेल एवढी जागा मोकळी राहिली.

“असं का बसलात आज कोपऱ्यात?”

“बरा हाय हिथं.” त्यांनी पाणी एका दमात संपवलं, पाटी उचलली. “येतंय गो ताई. बसा दोघी.”

जिन्याच्या वळणापर्यंत जाईतो सुनीती ऐकत राहिली. दोघी कोण, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने विचारलं नाही. काही प्रश्न विचारले की त्यांची उत्तरं घरात राहायला येतात.

४

दसरा झाला. जहाज मादागास्करला निघायचं होतं. भर समुद्रात फोन नाही, म्हणून निघायच्या दिवशी गीतूने केला. आवाज लांबून, विहिरीतून यावा तसा.

“आई, काल पुन्हा सराव झाला. एकतीस भरले.”

“कोण नव्हतं?”

“सगळे होते. बत्तीस नावं घेतली, बत्तीस जणांनी हजेरी दिली. डोकी एकतीस.”

“वेडे, स्वतःला मोजायची विसरलीस.” सुनीती मोठ्याने हसली. जुन्या गोष्टीतले शहाणे नदी ओलांडल्यावर असंच करत नाहीत का?

“सगळे तेच म्हणाले. म्हणून मग सूजीने मोजलं.” गीतू थांबली. “तिचेही एकतीसच झाले, आई. मी तिच्या समोर उभी होते गं.”

हॉलमध्ये मुका टीव्ही रंग बदलत होता. सुनीतीने फोन दोन्ही हातांनी धरला.

“बरी आहेस ना तू? जेवतेस ना?”

“जेवते. पण हल्ली माझ्यासाठी पान वाढायचं राहून जातं कधी कधी. मुद्दाम नाही करत कुणी. प्रार्थनेत सगळ्यांची नावं घेतात, तेव्हा माझं…” पुढचं ऐकू आलं नाही. मग एकदम स्पष्ट, “आई, बाबा आहेत तिथे?”

सुनीतीने हॉलकडे पाहिलं. जयप्रकाशरावांनी मान वर केली होती. ती फोन घेऊन दोन पावलं त्यांच्याकडे गेलीही. त्यांचा हात खुर्चीवरून उचलला गेला, तसाच हवेत राहिला आणि खाली आला.

“आहेत,” सुनीती म्हणाली. “ऐकतायत.”

“बरं.” बराच वेळ नुसती घरघर. इतकी बारीक, की सुनीतीच्या घरातली घरघर तिच्याहून मोठी होती. मग गीतू म्हणाली, “जाते हं, आई.”

“गीतू! असं म्हणू नये. येते म्हण.”

काहीच नाही.

“येते म्हण, गीतू!”

फोन कट झाला होता. आणि गीतूच्या खोलीतून, जिथे कुणी नव्हतं तिथून, क्रूस आणि तगर होती तिथून, अगदी शुद्ध, तालमीने घोटलेल्या मराठीत, कुणीतरी तिच्याऐवजी तो शब्द म्हटला.

सुनीती त्या खोलीत गेली. खोली रिकामी होती. तगरीचं फूल क्रूसापाशी तसंच होतं. त्याच्याखाली कपाटाच्या फळीवर पाण्याचा एक चौकोन होता, चार घड्यांच्या फडक्याएवढा, आणि तो अजून सुकायचा होता.

५

बावीस दिवस फोन आला नाही. संस्थेच्या कचेरीतून सांगितलं, जहाज सुखरूप आहे, लाइन खराब आहे, काळजी करू नका. सुनीतीने दिवाळीत एक पणती महादेवापुढे लावली, एक क्रूसापुढे आणि एक उंबऱ्यावर डावीकडे. तिसरी कुणासाठी, हे तिने स्वतःलाही सांगितलं नाही. ज्याला ‘ये’ म्हटलं त्याला अंधारात कसं ठेवायचं? ते काय आहे हे ठाऊक नव्हतं, पण तेही कुणाच्या तरी मोजणीतून राहून गेलेलं असणार, असं तिला वाटे. वाटे, आणि भीतीही वाटे. दोन्ही एकाच वेळी.

भाऊबीज होऊन पाच-सहा दिवस झाले. एकादशी तीन दिवसांवर होती. दुपारी तीनला बेल वाजली.

दारात गीतू उभी होती. उन्हाने रापलेली, केस कापलेली, खांद्याला एक बॅग.

“सरप्राइज!” ती म्हणाली. मग चौकटीतच थांबून, “आई, येऊ?”

“ये गं! ये! विचारतेस काय?” सुनीतीने तिला मिठी मारली. अंगाला समुद्राचा वास होता. असणारच. गेटवरून इंटरकॉम कसा आला नाही, असं एकदा मनात येऊन गेलं. वॉचमन पेंगत असेल.

आणि मग ते घडलं, ज्यासाठी तिने दोन वर्षं देवाला साकडं घातलं होतं. जयप्रकाशराव उठले. चष्मा काढला, पुन्हा घातला. “वाळलीस गं,” ते म्हणाले. दोन वर्षांनंतरचे पहिले शब्द. “ये. बस अशी माझ्याजवळ.”

सुनीतीने डोळे पुसत गूळपाणी आणलं. गीतूने इकडे तिकडे पाहिलं, टेबलावरचा नॅपकिन घेतला, आत नळाखाली धरून पिळला, चार घड्या घातल्या आणि पेल्याखाली ठेवला. आईकडे बघून हसली. “सवय लागली गं. आता सुटायची नाही.”

सुनीतीच्या छातीवरचा महिन्याभराचा धोंडा उतरला. हीच, माझीच. हिच्याशिवाय कोण ठेवणार असं फडकं?

मग तिला आठवलं, दुसरं कोण ठेवत होतं.

गीतूने पेला उचलून तोंडाला लावला. पाणी पितानाही ती आधी डोळे मिटून क्षणभर थांबायची, बाप्तिस्म्यानंतर नेहमी. आज थांबली नाही. तहान लागली असेल, सुनीतीने समजावलं. इतक्या लांबून आलेली पोर. हॉलमध्ये बापलेक हसत होते. टीव्हीचा आवाज चालू झाला होता. ती घरघर कुठेच नव्हती, आणि ती थांबल्यावर माणूस दचकून जागं होतं तशी सुनीती स्वयंपाकघरात उभी होती.

साडेतीनला ओट्यावरचा फोन वाजला. नाव तेच होतं: ‘गीतू जहाज’.

“राहू दे ना, आई,” हॉलमधून गोड आवाज आला. “मी आलेय ना आता.”

सुनीतीने फोन पदराने पुसला. उचलला.

घरघर. फार खालून, फार लांबून. त्या घरघरीत कुणीतरी मोजत होतं. दमलेला, हळू, पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारा आवाज.

“…एकोणतीस. तीस. एकतीस.”

आणि थांबणं. जिथे पुढचा आकडा असायला हवा तिथे नुसता श्वास. पुन्हा, “एक. दोन. तीन…”

सुनीतीने डोळे मिटले. हॉलमधली खरी की ही खरी, हे देवाने तिला सांगितलं नाही. ना तिच्या देवाने, ना गीतूच्या. एकीला ‘जा’ म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण आईच्या तोंडून, उंबऱ्याच्या आत, चातुर्मासात, तो शब्द कुणासाठी काढायचा? आणि चुकला तर?

आवाज एकतीसवर येऊन थांबला.

“बत्तीस,” सुनीती म्हणाली. “बत्तीसावी तू आहेस. गीतांजली जयप्रकाश पाटणकर. मी मोजलंय तुला. येते म्हण, बाळा.”

घरघर दाटली. मग कुणीतरी रडत, चाचपडत, ‘ये’ नीट आणि ‘ते’ अंदाजाने, म्हणालं, “येते.”

“ये,” सुनीती म्हणाली.

हॉलमधलं हसणं थांबलं. कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला.

“आई,” तिथून आवाज आला, “कुणाला गं ‘ये’ म्हणालीस?”

सुनीतीने फोन ठेवला. फळीवरून आणखी एक पेला काढला, गूळ फोडला आणि दाराकडे कान देऊन उभी राहिली.